अडगळ आणि देण्याची रीत

मुकुंदवाडी हें एके काळीं शहराबाहेरचें गांव. आज त्याच्या एका अंगास सिडकोची वसाहत व दुसऱ्या अंगास चिकलठाण्याचे कारखाने आहेत, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून कामास आलेलीं कुटुंबें येथल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा वस्तींत एका घराच्या गच्चीवर लोखंडी पलंग गंजत पडावा व पाठीमागच्या गल्लींत नव्यानें बिऱ्हाड मांडलेल्या कामगारानें फरशीवर निजावें, यास आम्ही केवळ दारिद्र्य म्हणत नाहीं. ही व्यवस्थेची उणीव आहे.

जुन्या वस्तूस क्षुल्लक लेखणाऱ्यांनीं २०१९ चा दुष्काळ आठवावा. त्या वर्षीं येथलीं मुलें आगगाडींत बसून औरंगाबाद स्थानकावर जात (शहराचें तेव्हांचें नांव हेंच) व भांड्यांतून, डब्यांतून पाणी भरून आणीत. अशा घरीं झांकणाचा एक धड डबा कोण भंगारांत मोजील?

बरें, वस्तू कोणास दिली नाहीं तर ती कोठें जाते, हेंही या शहरास ठाऊक आहे. २०१८ च्या फेब्रुवारींत नारेगांवच्या ग्रामस्थांनीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि रस्तोरस्तीं ढीग सांचले. मार्चांत मिटमिट्यास कचरा टाकूं जातां दगडफेक व लाठीमार झाला. आपली अडगळ परक्या गांवच्या वेशीवर लोटण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला होता?

‘माणुसकीच्या भिंती’ची कल्पना इराणांतील मशहद शहरीं २०१५ मध्यें निघाली व लवकरच महाराष्ट्रांत पसरली. हेतु उत्तम, परंतु भिंतीवर न धुतलेले, फाटके कपडे व एकेकटे जोडे लटकूं लागले म्हणजे ती उकिरड्याची धाकटी बहीण होते. शिवाय भर रस्त्यांत सर्वांदेखत तेथील कपडा उचलावयास स्वाभिमानी मनुष्य धजत नाहीं. केंद्र सरकारनेंही २०२३ च्या मे महिन्यांत शहरोशहरीं जुने कपडे, पुस्तकें व खेळणीं घेण्याचीं केंद्रें उघडविलीं. पण मोहिमेची मुदत तीन आठवड्यांची, आणि अडगळ बारा महिने सांचते.

याहून शहाणी आपली बोहारीण. दारांत बसून ती जुन्या लुगड्यांच्या बदल्यांत भांडें देते, तासभर घासाघीस करते, आणि सुशिक्षित मंडळी तिला हंसतात. पण तिच्या व्यवहारांत कोणी उपकारकर्ता नाहीं व कोणी याचकही नाहीं. दोन्ही पक्ष आपलाच फायदा झाला असें समजून उठतात!

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस विनंती अशी कीं, प्रत्येक गल्लींतील एका दुकानदारानें एक फळी व एक वही या कामास द्यावी. पलंग, कपाट यांची वहींत नोंद पुरे; वस्तू मालकाच्या घरींच राहील. फळीवर मात्र धुतलेलें, शिवलेलें, पुरतें तेंच यावें: कुकर असेल तर शिटी व रबरासह, पुस्तक असेल तर सर्व पानांसह. किंमत नाममात्र पांचदहा रुपये ठेवावी, आणि गिरणीवाल्यापासून डॉक्टरापर्यंत वाटेल त्यानें वस्तू न्यावी. डॉक्टरीणबाईंनीं तेथून एक पातेलें नेलें तर शेजारच्या मोलकरणीस दुसरें नेण्यास संकोच राहणार नाहीं.

कोणी म्हणेल, भंगारवाला स्वस्तांत नेऊन विकील. विको बापडा! वस्तू वापरांत राहिली, आणि त्याच्याही घरीं चूल पेटली.