पानगळ आणि मुलांचे हस्तकौशल्य

युरोपात पाने गळतात ती शरद ऋतूत, थंडीच्या तोंडावर. कोलकात्यात मात्र शरद म्हणजे दुर्गापूजेचा काळ. त्या वेळी झाडे पावसाच्या पाण्याने हिरवीगार असतात. पिंपळ, काटेसावर इत्यादी वृक्षांची पानगळ तेथे हिवाळा सरता सरता होते. म्हणून परदेशी पुस्तकांत सांगितलेले पानांचे खेळ बंगालमधील शाळांनी माघ-फाल्गुनात योजणे सयुक्तिक ठरते.

पान गळण्यापूर्वी त्यातील नत्रयुक्त द्रव्ये झाड परत शोषून घेते. हरितद्रव्य नाहीसे होऊ लागले म्हणजे मुळातच असलेला पिवळा रंग दिसू लागतो. देशी बदामाचे पान लाल होते, ते अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. देठाच्या बुडाशी दुबळ्या पेशींचा एक थर तयार होतो. तेथूनच पान सुटून पडते.

अशा पानांपासून मुलांना करता येण्याजोगी पहिली वस्तू म्हणजे पिंपळपानाची जाळी. न फाटलेली पाने दोन ते चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावीत व पाणी मधूनमधून बदलावे. सूक्ष्म जंतू पानातील मऊ भाग कुजवितात. परंतु शिरांमध्ये लिग्निन हे कठीण द्रव्य असल्याने त्या टिकून राहतात. नंतर पान वाहत्या पाण्याखाली धरून मऊ कुंचल्याने हलकेच साफ करावे व टीपकागदात दाबून वाळवावे. काम संपताच मुलांनी साबणाने हात धुवावेत. जी जाळी हाती येते, तीच पानाला पाणी पुरविणाऱ्या वाहिन्यांची रचना होय.

दुसरा प्रकार रंगीत पाने वाळविण्याचा. वर्तमानपत्राच्या घड्यांत पाने पसरून वर वजन ठेवावे व कागद रोज बदलावा. ओल राहिल्यास बुरशी धरते. हीच पद्धत शास्त्रज्ञही वापरतात. कोलकात्यासमोर, हुगळीच्या पलीकडे, शिवपूर येथे १७८७ साली स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे. तेथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात वाळविलेल्या वनस्पतींचे सुमारे २० लाख नमुने जपलेले आहेत. पूर्ण नमुन्यास पानांबरोबर फूल वा फळही लागते. तथापि त्याचे खरे मोल त्याला जोडलेल्या चिठ्ठीत असते: वनस्पतीचे नाव, स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव.

मुलांच्या वहीतही प्रत्येक पानाखाली अशी चिठ्ठी असावी. चिठ्ठीवाचून पान ही केवळ शोभेची वस्तू होय. शाळेच्या आवारातील एकाच पिंपळाचे पहिले पिवळे पान दरवर्षी दिनांकासह चिकटविले, तर काही वर्षांनी त्या झाडाची पानगळ लवकर येते की उशिरा, हे त्या वहीवरून पडताळता येईल. मात्र पाने खाली पडलेलीच वेचावीत. झाडावरची तोडू नयेत.