तिसऱ्या ग्लासनंतर परीक्षक बाद!

शनिवारची संध्याकाळ. बाणेरमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. डायनिंग टेबलवर प्रत्येकापुढे एक कोरा कागद, एक पेन, एक साधा पाव आणि पाण्याची बाटली. म्युझिक बंद. चखना? नाव काढायचं नाही! पार्टीला आलोय की एमपीएससीच्या पेपरला, काही कळेना.

होस्ट आमच्याच ऑफिसातली, टेस्टिंग टीमची लीड. सॅन दिएगोला तीन वर्षं ऑनसाइट राहून आली ती आयपीए नावाच्या कडूजहर बिअरचं वेड घेऊनच. गेले सहा महिने लंच टेबलवर तिची एकच टेप चालू होती. ‘तुम्ही लोक बिअर पीत नाही रे, गार पाणी पिता. या एकदा घरी, दाखवते!’ शेवटी आम्ही चौघं गेलोच.

आता मी काही बिअरमधला नवशिका नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, तेव्हापासून ताज्या बिअरच्या ग्लासमागे फिरणाऱ्यांतला मी. (बाय द वे, हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहिलेले गोरे शिपाई कंटाळून वेडे व्हायचे म्हणे. म्हणून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला!) थोडक्यात काय, मी स्वतःला दर्दी समजायचो.

नियम सोपे होते. कॅन किचनमध्ये फोडणार, टेबलवर फक्त नंबर लावलेले ग्लास येणार. प्रत्येकात १५० मिली. एकमेकांशी बोलायचं नाही. दोन ओळी लिहायच्या आणि दहापैकी मार्क द्यायचे.

‘आणि ज्यांनी गाडी आणलीये, त्यांनी किल्ली या वाडग्यात टाका.’

‘अगं, आपण टेस्ट करतोय, पीत नाहीये!’ मी हसून म्हणालो. किल्ली खिशातच राहिली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

स्ट्राँग वेगळं, कडू वेगळं

ग्लास नंबर १. रंग तांब्याकडे झुकणारा सोनेरी, वर दाट पांढरा फेस. नाक जवळ नेलं तर पपनसाची साल आणि ताजं कापलेलं लाकूड. घोट घेतला आणि... आईशप्पथ! कारल्याचा रस! कागदावर लिहिलं, ‘अति कडू. घशात टोचते. ५/१०.’

‘भलतीच स्ट्राँग आहे,’ शेजारचा कुजबुजला. इथंच आपली सगळ्यांची गल्लत होते, मंडळी. स्ट्राँग म्हणजे अल्कोहोल. ते येतं माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीमधून. तिच्यातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार करतं. कडूपणा येतो हॉप्समधून. हॉप्स ही भांगेच्या कुळातली एक वेल, पण भांगेची नशा तिच्यात नाही. तिच्या मादी फुलांमध्ये ल्युप्युलिन नावाची चिकट पिवळी पूड असते, सगळी जादू तिची. फुलं बिअरच्या काढ्यात तासभर उकळली की कडवटपणा उतरतो. उकळी संपताना टाकली, किंवा बिअर आंबून झाल्यावर तिच्यात नुसती भिजत ठेवली, की सुगंध मिळतो. या भिजवण्याला म्हणतात ड्राय हॉपिंग.

कडूपणा मोजायचं मापही आहे, आयबीयू. आपल्या नेहमीच्या लागरचं आयबीयू साधारण १० ते १५, आयपीएचं ४० ते ७०, तर डबल आयपीएचं ६० ते १००. आपल्याकडे दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत अल्कोहोल भरपूर आणि हॉप्स नावापुरते. डबल आयपीएत दोन्ही भरपूर. म्हणून ती आवडायला वेळ लागतो. पण आपल्याला कडूचं काय एवढं? गुढीपाडव्याला वर्षाची सुरुवातच आपण कडुलिंबाच्या पाल्यानं करतो की!

नावात इंडिया, जोर अमेरिकेचा

ग्लास धुतले जात असताना होस्टनं थोडा इतिहास ऐकवला. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीची फिकट, भरपूर हॉप्सची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची. १८२०च्या दशकात बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास या धंद्यात उतरले. हॉप्समुळे बिअर सहजी नासत नाही, म्हणून महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासासाठी हॉप्सचा हात सढळ. ‘खास हिंदुस्थानसाठी शोधून काढलेली जहाल बिअर’ ही मात्र मागाहून रंगवलेली गोष्ट. त्या काळच्या मानानं ती काही फार स्ट्राँग नव्हती. आणि गंमत म्हणजे गोऱ्या शिपायांसाठी यायची ती काळी पोर्टर, पेल एल होती साहेबलोकांसाठी!

खरी जहाल झाली ती कॅलिफोर्नियात. १९९४ मध्ये टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी हॉप्स आणि माल्ट दोन्ही वाढवून एक बिअर केली. तिला पहिल्या डबल आयपीएंपैकी एक मानतात. पुढे त्यांनीच रशियन रिव्हर ब्रुअरीत ‘प्लिनी द एल्डर’ केली, ८ टक्क्यांची. हॉप्सच्या वेलीबद्दल लिहून गेलेल्या रोमन लेखकाचं हे नाव. आज जगभरचे आयपीएवेडे त्या बिअरला मानतात.

आणि आपल्याकडे? अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ५ टक्क्यांच्या वर, ८ टक्क्यांपर्यंत ती ‘स्ट्राँग’ बिअर. म्हणजे अमेरिकेतली डबल आयपीए जिथं सुरू होते, साधारण तिथंच आपली हद्द संपते.

पाच ग्लास, पाच शेरे

ग्लास नंबर २, साडेसहा टक्के. काचेसारखी स्वच्छ, कोरडी, संत्र्याची साल आणि राळेचा वास. कॅलिफोर्निया घराण्याची गायकी म्हणा ना! कडूपणा येतो आणि वेळेवर जातो. ‘७/१०.’

नंबर ३, पुन्हा साडेसहा. दिसायला आमरसासारखी गढूळ. वास तर हापूस, पेरू, थोडा पिकलेला फणस. फळाचा एक थेंब नाही हं यात, ही सगळी सिट्रा आणि मोझॅक या हॉप्सची करामत. जिभेवर मऊ, कडूपणा मागच्या बाकावर. ही अमेरिकेच्या ईशान्येकडची ‘हेझी’ स्टाइल. ‘आईला पण आवडेल. ८/१०.’

नंबर ४, सहा टक्के. वास... भिजलेला पुठ्ठा! कॅन जुना होता. हॉप्सचा सुगंध फार नाजूक. उन्हाळ्यात दुकानाच्या माळ्यावर दोन-तीन महिने पडून राहिला की तो उडून जातो आणि उरतो तो नुसता कडवटपणा. बिचाऱ्या ब्रुअरीची चूक असेलच असं नाही. ‘३/१०.’

नंबर ५. एव्हाना सगळे एकदम खुशीत. गप्प बसायचा नियम कधीच मोडला होता. पेनही जरा घसरत होतं. घोट घेतला. अहाहा! कडू आहे, पण कसं गोल! माल्टचा गुळासारखा आधार, शेवट मखमली. मी झोकात लिहिलं, ‘बॅलन्स!! मास्टरपीस. ९/१०.’ दोन उद्गारचिन्हांसकट.

मग उठलो, खिशातून किल्ली काढली. ‘चला, मी निघतो. एकदम फ्रेश आहे. वीस मिनिटांत कोथरूड.’

‘थांब. आधी निकाल ऐक,’ ती म्हणाली. ‘१ आणि ५ एकच बिअर होती. एकाच कॅनमधली. आठ टक्क्यांची डबल आयपीए.’

खोलीत शांतता. चौघांपैकी एकालाही ओळखता आलं नव्हतं. दीड तासात माझे पाचाचे नऊ मार्क झाले होते आणि बिअर तीच होती. बदललो होतो मी!

दोन लार्जचा हिशेब

तिनं माझ्याच कागदाच्या मागे गणित मांडलं. पाच ग्लास, प्रत्येकी १५० मिली, म्हणजे ७५० मिली. सरासरी ७ टक्के. म्हणजे साडेबावन्न मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या दोन लार्ज पेगमध्ये जवळजवळ तेवढंच असतं. पाच टक्क्यांची ३३० मिलीची बिअर घेतली तर तीन बाटल्यांहून जास्त.

‘दोन लार्ज मारून तू बाइक चालवली असतीस?’

नसती चालवली. मुळीच नाही. पण छोटे ग्लास, हातात पेन, समोर कागद... मला वाटलं, मी काम करतोय.

त्यामागची कारणं नंतर समजून घेतली. एवढ्या कडू चवीला जीभ सरावते, मग तोच कडूपणा निम्मा वाटू लागतो. वरून अल्कोहोल तुमच्यातला तक्रारखोर माणूस आधी झोपवतं. म्हणजे जी जीभ ‘बॅलन्स’ म्हणते आणि जे डोकं ‘मी फ्रेश आहे’ म्हणतं, ते दोघंही एकाच वेळी बाद झालेले असतात. ‘मला काही झालेलं नाही’ हा शेराही त्याच परीक्षकाचा, ज्यानं पाचाचे नऊ केले.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याहून जास्त सापडलं तर पहिल्याच खेपेला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला दंड नाही आठवला. मला आठवली १९ मे २०२४ ची पहाट. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. आमच्याच वयाचे, आमच्याच धंद्यातले. तेव्हा लंच टेबलवर ‘पिऊन गाडी चालवणाऱ्यांना सोडता कामा नये’ असं सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं होतं माहितीये? मी.

किल्ली वाडग्यात टाकली. मग गरमागरम कांदाभजी आली. हॉप्सचा कडवटपणा तेलकटपणाला मस्त कापतो, हेही त्या दिवशीच कळलं. अकरा वाजता रिक्षानं घरी.

घरच्या घरी टेस्टिंगचे फंडे

• ग्लासमध्ये ६० मिलीच घ्या. वास घ्यायला आणि तीन घोटांना तेवढी पुरे.

• क्रम हलक्याकडून जहालाकडे. पहिल्यालाच डबल आयपीए लावली तर पुढच्या सगळ्या पाणचट लागतात.

• कॅनवरची तारीख बघा. जेवढी ताजी तेवढी बरी, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलीच उचला.

• फ्रीझरमधला बर्फाळ मग नको. फार थंडीत वास मरतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा.

• आधी साधा पाव आणि पाणी. शेव, चकली, मिरचीभजी मार्क देऊन झाल्यावर.

• एक बिअर गुपचूप दोनदा ठेवा. परीक्षकाचीही परीक्षा होऊ दे!

• मार्क पहिल्या तीन ग्लासांचेच खरे. पुढचे ग्लास गप्पांचे.

• किल्ल्या आधी वाडग्यात, मग कॅन फोडा. ग्लास छोटे असले तरीही.

पंधरा दिवसांनी तिच्याकडे पुन्हा गेलो. तीच डबल आयपीए, ताजा कॅन, एकच छोटा ग्लास, जीभ कोरी. सावकाश प्यायलो. पपनस होतं, राळ होती, कडूपणा चांगलाच होता आणि त्याच्यामागे माल्टचा गोडवाही होता. पाच नाही, नऊ नाही, साडेसात. हा माझा खरा शेरा.

बाइक? ती घरीच ठेवून गेलो होतो.