धर्मपीठ आणि स्क्रम : रग्बीपटू धर्मगुरूंचा मागोवा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये रग्बीला संघटित रूप आले, तेव्हा क्रीडांगण आणि चर्च या दोहोंना माणसे पुरवली जात होती ती एकाच परंपरेतून. प्रतिष्ठित निवासी शाळा आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज येथे ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’, म्हणजे शरीरबल, संयम आणि संघभावना यांना धर्माचरणाचेच अंग मानणारी विचारधारा, खोलवर रुजली होती. शिवाय खेळण्याबद्दल मोबदला घेण्यास मनाई असल्याने प्रत्येक खेळाडूला उपजीविकेचा वेगळा मार्ग धरावा लागे आणि अनेकांनी तो धर्मसेवेत शोधला.

१८९९ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या ब्रिटिश संघाचे नेतृत्व अँग्लिकन धर्मगुरू मॅथ्यू मलिनो यांच्याकडे होते. पहिली कसोटी गमावल्यावर त्यांनी स्वतःलाच संघातून वगळले आणि उरलेल्या तिन्ही कसोट्या संघाने जिंकल्या. पहिल्या महायुद्धात ते चॅपलेन, म्हणजे सैन्यासोबत राहणारे धर्मगुरू, होते आणि युद्धानंतर त्यांनी गरीब कुटुंबांना आपल्या मृत सैनिकांच्या कबरींपर्यंत नेण्यासाठी संस्था उभारली. १८८६ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळलेले रूपर्ट इंग्लिस हे १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात ब्रिटिश फौजेचे नेतृत्व करणाऱ्या जॉन इंग्लिस यांचे पुत्र. पन्नाशी ओलांडल्यावर ते चॅपलेन म्हणून फ्रान्सला गेले आणि १८ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर जखमींना आणण्याच्या कामात मारले गेले.

स्कॉटलंडकडून १९२२-२३ मध्ये सात सामने खेळलेले एरिक लिडेल १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीचे विजेते ठरले, पुढे मिशनरी म्हणून चीनला गेले, १९३२ मध्ये त्यांना धर्मदीक्षा मिळाली आणि १९४५ मध्ये जपानी नजरकैदेच्या छावणीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आयर्लंडचे रॉबिन रो यांनी ही परंपरा पुढे नेली. ते हूकर, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या स्क्रममध्ये पहिल्या रांगेच्या मध्यभागी राहून चेंडू पायाने मागे ओढणारे खेळाडू होते, आणि १९६७ मध्ये एडनमध्ये गोळीबार चालू असताना सैनिकांना वाचवल्याबद्दल त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला.

१९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाले, पूर्णवेळ सराव अनिवार्य ठरला आणि दोन्ही व्रते एकत्र पाळणे जवळजवळ अशक्य झाले. इंग्लिस आणि रो यांच्या कृतींत अर्ध्या शतकाचे अंतर आहे. तरीही दडपणाखाली सोबत्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची जी सवय स्क्रमने लावली, तिचेच परिपक्व रूप या दोघांच्या रणभूमीवरील सेवेत दिसते.