पैशाची गोष्ट आपल्या भाषेत

मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तिच्याकडे घर साफ करायला एक मेक्सिकन बाई येत. काम आटोपलं की ओट्यापाशी उभ्या राहून मोबाइलवर काहीतरी टिपत. एकदा मुलीनं विचारलं, तेव्हा कळलं की त्या दिवसाचा खर्च लिहितात. पलीकडून स्पॅनिशमध्ये उत्तर येतं, ‘मुलीच्या शाळेसाठी या आठवड्यात किती बाजूला पडले?’

बत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. साहजिकच कान टवकारले.

अमेरिकेत बँकखातं नसलेली घरं असतील, असं आपल्याला वाटत नाही. पण तिथल्या ठेव विमा महामंडळाच्या २०२३ च्या पाहणीत अशी घरं शेकडा ४.२ निघाली, आणि हिस्पॅनिक घरांत हेच प्रमाण ९.५ होतं. कारणं आपल्या ओळखीचीच. किमान शिल्लक ठेवायला पैसे नाहीत आणि बँकेवर भरवसा नाही. मग पगाराचा चेक दुकानात कमिशन देऊन वटवायचा आणि बचत ‘तांदा’त घालायची. तांदा म्हणजे थेट आपली भिशी!

सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली स्थापन झालेल्या ‘मिशन ॲसेट फंड’नं या भिशीला नाकं मुरडली नाहीत, तिला कागदावर आणलं. हप्ता वेळेवर भरला की त्याची नोंद पतनोंदणी संस्थांकडे जाते आणि कालपर्यंत बेदखल असलेल्या माणसाची पत उभी राहते. स्टॅनफर्ड विद्यापीठात झाडलोट करणाऱ्या स्पॅनिशभाषक कामगारांसोबत बसून ‘हुंतोस फिनान्सास’ ही मोबाइल संदेशांची सेवा घडली. ‘हुंतोस’ म्हणजे मिळून. तिथं उपदेश नव्हता. आधी प्रश्न, मग ऐकून घेणं.

मोबाइल म्हणजे जादूची कांडी नव्हे, हे मीही जाणतो. त्याच फोनवरून भामटेही बोलतात, आणि मुळात मिळकतच तुटपुंजी असेल तर हिशेब लिहून ती वाढत नाही. पण मला लागलं ते वेगळंच.

माझ्या एका शाखेत झाडू मारायला एक मावशी येत. माझं टेबल रोज पुसत. एके दिवशी रडत आल्या. भिशीवाली रातोरात पळाली होती आणि लेकीच्या लग्नाचे पैसे बुडाले होते. मी साहेबी थाटात म्हणालो, ‘मावशी, बँकेत का नाही ठेवलेत?’ त्या म्हणाल्या, ‘साहेब, तुमचा फॉर्म कुणाला विचारून भरू?’

अकरा वर्षं माझ्यासमोर वावरणाऱ्या बाईला मी ते कधी विचारलंच नव्हतं.

परवा आमच्या सोसायटीतल्या झाडूवाल्या ताईंना विचारलं, ‘भिशी लावता का हो?’ त्या बिचकल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘लावते की. पण काका, ते मोबाइलवरचं खातं असतं ना, ते जरा दाखवाल?’

मी चष्मा शोधायला आत गेलो.