डबीच्या बुडावरील आकडा

प्रत्येक घराच्या फडताळात प्लॅस्टिकच्या लहान डब्या साठत जातात, आणि मोहरीपासून बटणांपर्यंत सर्वांना आश्रय देतात. आम्ही त्या निवडतो मात्र झाकणाचा रंग पाहून! बुडाशी उठविलेला त्रिकोण व त्यातील आकडा कोणी पाहत नाही. प्लॅस्टिकचे प्रकार ओळखण्याची ही पद्धत १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली.

गतवर्षी दिवाळीत आम्ही १ आकड्याच्या पारदर्शक डबीत कढत तूप ओतले. डबी तत्काळ आकसली आणि निम्मे तूप ओट्यावर गेले. हे प्लॅस्टिक ७०-८० अंश सेल्सिअसच्या सुमारासच मऊ पडते. कोरड्या जिनसांसच ते योग्य होय. ५ आकड्याचे, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, सुमारे १६० अंशांपर्यंत वितळत नाही. फुटक्या डबीचे तुकडे पाण्यात टाकून पाहावे: ५ चा तरंगतो, १ चा बुडतो.

तथापि पॉलिप्रोपिलीनही हळदीपुढे हार खाते. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आमटीच्या फोडणीबरोबर तो प्लॅस्टिकमध्ये मुरतो. काथ्याने घासल्यास डाग तसाच राहतो, चरे तेवढे पडतात व त्यांत मळ साठतो. त्यापेक्षा डबी साबणाने धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात पालथी ठेवावी; सूर्यप्रकाशाने तो रंग विघटित होतो व डाग फिका पडतो. लोणच्याला मात्र आमच्या आजीची चिनी मातीची बरणीच बरी.