मेंदूविज्ञानाची पदवी : हप्ता आधी, कमाई नंतर

जामुल (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई पोलाद प्रकल्पाच्या झोतभट्ट्यांतून निघणारी मळी आणि तिच्यापासून सिमेंट बनविणारा कारखाना या दोहोंच्या आधाराने दुर्ग जिल्ह्यातील जामुल हे नगर वाढले. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी कुटुंबांचा येथील वावर जुना आहे. १९५९ मध्ये पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी सुरू झाल्यानंतर शिक्षण आणि नोकरी यांचे नाते येथे सरळ राहिले. आयटीआय, डिप्लोमा किंवा अभियांत्रिकीची पदवी मिळवली, की पुढे कोणत्या दारावर जायचे हे ठाऊक असे. नव्या पिढीसमोर मात्र असे विषय आहेत, ज्यांचे दार पदवीनंतर लगेच उघडत नाही. न्यूरोसायन्स अर्थात मेंदूविज्ञान हा त्यांपैकीच एक. अशा पदवीसाठी कर्ज काढावे का आणि काढल्यास किती, हा प्रश्न म्हणूनच हिशेबाचा ठरतो.

पदवी कशाची, व्यवसाय कोणता

पहिला गोंधळ नावाचा आहे. मेंदूविज्ञानाची बी.एस्सी. केल्याने कोणी मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर होत नाही. त्यासाठी एमबीबीएस, त्यानंतर एमडी आणि मग डीएम असा वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र मार्ग आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि तिच्याकडील नोंदणी आवश्यक असते. रुग्णालयात मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढणारे तंत्रज्ञ वेगळ्या, प्रात्यक्षिकप्रधान अभ्यासक्रमातून घडतात.

मेंदूविज्ञानाची शास्त्रीय पदवी मुख्यतः संशोधनाकडे नेते. त्या क्षेत्रात स्वतंत्रपणे काम करण्यासाठी सहसा पीएच.डी. लागते. केवळ पदवीवर मिळणारी कामे म्हणजे प्रयोगशाळा सहायक, वैद्यकीय चाचण्यांतील समन्वयक, माहिती विश्लेषक किंवा वैद्यकीय मजकूर लेखक यांसारखी. यांपैकी बहुतेक कामांसाठी जीवशास्त्राच्या अन्य शाखांचे पदवीधरही अर्ज करू शकतात. थोडक्यात, ही पदवी अर्ध्या वाटेवरचा टप्पा आहे. बँकेचा हप्ता मात्र मुक्काम गाठेपर्यंत थांबत नाही.

कर्जाचे गणित

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या काळात सरळ व्याज मात्र चढत राहते. परतफेडीसाठी कमाल १५ वर्षांची मुदत मिळते आणि पालक सहकर्जदार असतात.

उदाहरणादाखल, चार वर्षांच्या पदवीसाठी १० लाख रुपयांचे कर्ज दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर पहिला हप्ता सुरू होईपर्यंत साडेतीन लाख रुपये व्याज साचते. देणे साडेतेरा लाखांवर जाते. ते १० वर्षांत फेडायचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे १७,८४० रुपये पडतो आणि एकूण परतफेड २१ लाख ४० हजारांच्या आसपास होते. मुदत १५ वर्षे केली, तर हप्ता सुमारे १४,५०० रुपयांवर उतरतो. पण एकूण परतफेड २६ लाखांच्या पुढे जाते. शिक्षण चालू असतानाच दरवर्षीचे व्याज भरत राहिल्यास १० वर्षांच्या मुदतीचा हप्ता सुमारे १३,२०० रुपयांवर येतो.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनंतर वरिष्ठ शिष्यवृत्तीत ही रक्कम ४२,००० होते. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे स्पर्धेत यश मिळविलेल्या विद्यार्थ्याचीही जवळजवळ निम्मी शिष्यवृत्ती वरील हप्त्यात जाईल. पदवीनंतर एम.एस्सी.ची दोन वर्षे आली, तर त्या काळात उत्पन्न नसतानाच हप्ता सुरू होण्याची वेळ येते. मुदतवाढ मिळणे बँकेच्या निर्णयावर अवलंबून असते आणि ती मिळाली तरी व्याज थांबत नाही. अनेक घरांत कर्त्या माणसाची निवृत्तीही याच सुमारास येते. मग हप्त्याचा भार भविष्य निर्वाह निधीवर पडतो.

स्वस्त वाट

या क्षेत्रात पोहोचण्यासाठी पदवीच्या नावात ‘मेंदूविज्ञान’ हा शब्द असलाच पाहिजे असे नाही. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थीही पुढे मेंदूच्या संशोधनाकडे वळतात. हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि निम्हान्स, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे असे संशोधन चालते. पुण्यासह देशातील आयसर संस्थांत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह पूर्ण करणाऱ्यास थेट पीएच.डी. प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

तीन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयीन पदवीसाठी वसतिगृहासह दोन लाखांचे कर्ज समान तीन वार्षिक भागांत काढले, तर त्याच व्याजदराने देणे २ लाख ६० हजार होते आणि १० वर्षांचा हप्ता साधारण ३,४४० रुपये पडतो. तो कनिष्ठ शिष्यवृत्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी आहे. दोन्ही वाटा एकाच प्रयोगशाळेच्या दारात पोहोचू शकतात; फरक पाठीवरच्या ओझ्याचा असतो.

सवलती आणि पडताळणी

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपर्यंतच ती मर्यादित आहे. वरील १० लाखांच्या उदाहरणात ही सवलत १ लाख ५ हजार रुपयांची होते. महाविद्यालय त्या यादीत नसेल, तर लाभ नाही. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच यादी तपासणे हिताचे. जुन्या करप्रणालीत प्राप्तिकर कायद्याच्या ८०-ई कलमाखाली व्याजावर आठ वर्षे वजावट मिळत आली आहे.

अमेरिकेत २०१५ पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय कर्ज आणि कमाई पाहता येते. पुढे त्यात विषयनिहाय आकडेही आले. भारतात राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी संस्था आपल्या पदवीधरांचे मध्यम वेतन आणि उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची संख्या जाहीर करतात. हे आकडे संस्थेचे असतात, एका विषयाचे नव्हेत. त्यामुळे मागील तीन तुकड्यांतील किती विद्यार्थी कोणत्या कामावर लागले, किती जणांना संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, हे पालकांनी विभागाकडे लेखी विचारणे आवश्यक ठरते. उत्तर टाळले गेले, तर तीही माहितीच समजावी.

या पदवीचे मोल तिच्या कमाईवरच ठरते असे नाही. मेंदूचे कोडे सोडविण्याची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला जामुलसारख्या गावातूनही ही वाट मोकळी आहे. कर्जाची मर्यादा मात्र वीस वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञाच्या पगारावरून ठरवू नये. पदवीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत हाती काय येणार, यावरूनच ती ठरविलेली बरी.