हाडात उरलेलं बालपण

चिंपांझीच्या दंडात आपल्यापेक्षा जास्त ताकद असते, पण त्याला जोरात फेकता येत नाही. त्याने भिरकावलेली वस्तू तासाला तीसेक किलोमीटरच्या पुढे जात नाही. अमेरिकेत बेसबॉल खेळणारा बारा वर्षांचा मुलगा त्याच्या तिप्पट वेगाने चेंडू टाकतो. याचं कारण नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. फेकण्याआधी हात मागे नेला की खांद्याभोवतीच्या कंडरा आणि अस्थिबंध बेचकीच्या रबरासारखे ताणले जातात. त्यांत साठलेली ऊर्जा सुटते, तेव्हा दंड सेकंदाला 9000 अंशांपर्यंतच्या वेगाने फिरतो. ही ठेवण सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत जमून आली असावी, असं या संशोधकांचं मत. दगडाने कैरी पाडणारं पोरही हाच वारसा वापरत असतं.

बेसबॉलने या वारशाला मैदान दिलं. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी 1939 साली मुलांसाठी बेसबॉलची लिटल लीग सुरू केली, तेव्हा शेजारपाजारच्या मुलांना खेळवून, बघून मगच मापं ठरवली. मोठ्यांच्या खेळात चेंडू टाकणारा पिचर साडेसाठ फुटांवर उभा असतो, इथे 46 फुटांवर. धावून गाठायच्या दोन बेसमधलं अंतर 90 ऐवजी 60 फूट. मुलांना खेळाच्या मापात कोंबण्याऐवजी खेळच मुलांच्या मापाचा केला, ही मला या सगळ्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

या खेळाचा मुलांना फायदा काय, याचा एक फार सुंदर पुरावा हाडांत सापडला. व्यायामाने हाडं बळकट होतात हे आपण ऐकतो, पण ते मोजणं अवघड. खेळणाऱ्याची न खेळणाऱ्याशी तुलना करावी, तर दोघांचा आहार वेगळा, आनुवंशिकता वेगळी. इंडियाना विद्यापीठाच्या स्टुअर्ट वॉर्डन यांनी यावर साधी वाट काढली. बेसबॉलपटू एकाच हाताने फेकतो. मग त्याच्याच दोन दंडांची तुलना करायची! अन्न तेच, रक्त तेच, फरक फक्त फेकण्याचा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्यावसायिक खेळाडूंच्या फेकत्या दंडाच्या हाडाची ताकद दुसऱ्या दंडाच्या जवळजवळ दुप्पट निघाली.

त्याहून मोलाचं निघालं ते खेळ सोडून कित्येक वर्षं झालेल्या म्हाताऱ्या खेळाडूंमध्ये. जाडीतला सुमारे निम्मा आणि ताकदीतला सुमारे एक तृतीयांश फायदा त्यांच्या हाडात अजून शिल्लक होता. वाढत्या वयात ताण पडला की हाड बाहेरच्या अंगाने जाड होतं, आणि म्हातारपणी ते झिजतं मुख्यतः आतून. त्यामुळे बाहेर चढलेला थर टिकतो. शिवाय तेवढाच माल वापरून रुंद केलेली नळी अरुंद नळीपेक्षा पिळाला कितीतरी कमी दाद देते. दहाव्या-बाराव्या वर्षी मिळवलेली रुंदी सत्तरीतही कामाला येते ती अशी.

पण वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथूनच हाड लांब होतं. अतिफेकीने कोपराजवळचा आणि खांद्याजवळचा हा थर दुखावतो. या दुखण्यांना डॉक्टर ‘लिटल लीग एल्बो’, ‘लिटल लीग शोल्डर’च म्हणतात. संशोधक ग्लेन फ्लायसिग यांच्या गटाने 9 ते 14 वर्षांच्या 481 पिचर मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला. वर्षात शंभराहून अधिक डावांत (इनिंग) चेंडू टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. लिटल लीगने 2007 पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 ची मर्यादा, आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. बारा महिने एकच खेळ खेळवणाऱ्या पालकांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

आणि मन? सिॲटलमध्ये रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी लिटल लीगच्या प्रशिक्षकांना दोन-अडीच तास शिकवलं. प्रयत्नाला दाद द्या, झेल सुटला तर आधी धीर द्या, मग चूक कशी सुधारायची ते दाखवा, शिक्षा करू नका, एवढंच. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुढच्या हंगामात न परतणारी मुलं इतर प्रशिक्षकांकडे शंभरात 26 होती, शिकवलेल्यांकडे 5. सामने मात्र दोन्हीकडच्या संघांनी साधारण सारखेच जिंकले होते.